एचएमआयएस बेंगॉल

रॉयल इंडियन नेव्हीची, म्हणजे ब्रिटिशकालीन भारतीय नौदलाची, ही बॅथर्स्ट वर्गातली छोटी युद्धनौका. एचएमआयएस म्हणजे ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’. मूळ काम पाणसुरुंग काढण्याचे, पण दुसऱ्या महायुद्धात या वर्गाच्या नौकांना जहाजांची राखण, पाणबुड्यांचा शोध, पडेल ते करावे लागले. ऑस्ट्रेलियात बांधलेल्या अशा 60 नौकांपैकी बेंगॉल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब या चार भारताकडे आल्या. बेंगॉल सिडनीच्या कॉकाटू गोदीत बांधली गेली आणि ऑगस्ट 1942 मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी 186 फूट, वेग जेमतेम 15 नॉट (ताशी सागरी मैल).

मुख्य तोफ मात्र जुजबी होती. या वर्गाला साधारणपणे 4 इंची (102 मिलिमीटरची) तोफ असे. बेंगॉलला बारा पौंडी, म्हणजे 76 मिलिमीटरची तोफ मिळाली. गोळे होते अवघे 40.

लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांच्या हाताखाली ती 5 नोव्हेंबर 1942 रोजी ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाची सोबत करत ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदराहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघाली. 11 नोव्हेंबरला कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला दोन जपानी जहाजे समोर आली: ‘होकोकु मारू’ आणि ‘आइकोकु मारू’. मुळात प्रवासी-मालवाहू असलेल्या या जहाजांवर 140 मिलिमीटरच्या तोफा, पाणतीर (टॉर्पेडो) आणि समुद्रावर उतरणारी विमाने चढवलेली होती. त्यांच्या एका गोळ्याचे वजन 38 किलो, बेंगॉलच्या गोळ्याचे सहा किलोही नाही. वेग 20 नॉटच्या वर, म्हणजे पळून सुटका नाही.

विल्सन यांनी ओंडिनाला निसटायला सांगून नौका थेट होकोकु मारूच्या अंगावर घातली. समोरून येणाऱ्या नौकेचे लक्ष्य अरुंद दिसते आणि अंतर कमी झाले की लहान तोफही उपयोगी पडते. ओंडिनानेही आपल्या एकुलत्या 4 इंची तोफेतून मारा धरला. तिच्याकडे गोळे 32. थोड्याच वेळात होकोकु मारूच्या डेकवरच्या पाणतीरांच्या नळ्यांवर गोळा बसला. स्फोट झाला, आग पसरली, दारूगोळ्याचे कोठार उडाले आणि जहाज बुडाले. व्यापारी जहाजाला चिलखत नसते. उघड्यावर ठेवलेले पाणतीर त्याच्यावरच उलटले.

तो गोळा नेमका कोणाचा, यावर वाद आहे. दोन्ही जहाजांनी श्रेय घेतले. ओंडिनाची तोफ मोठी असल्याने तिचे पारडे जड वाटते.

गोळे संपत आल्यावर बेंगॉल धुराचा पडदा सोडत बाजूला झाली. तिलाही मार बसला होता, पण कोणी दगावले नाही. ओंडिना बुडाली असे समजून बेंगॉल दिएगो गार्सियाला पोचली. प्रत्यक्षात ओंडिनाचे कप्तान विलेम हॉर्समन मारले गेले होते, पाणतीर लागून जहाज कलले होते आणि बोटींत उतरलेल्या खलाशांवर मशीनगनचा मारा झाला होता. जहाज बुडणारच असे धरून आइकोकु मारू निघून गेल्यावर उरलेले खलाशी परत चढले, आग विझवली, विरुद्ध बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन जहाज सरळ केले आणि 18 नोव्हेंबरला फ्रीमँटल गाठले. गुप्त संदेशांची सांकेतिक पुस्तके आधीच समुद्रात टाकलेली असल्याने वाटेत मदतीचा संदेश उघड भाषेत धाडावा लागला. तो शत्रूचा डाव असावा, अशी किनाऱ्यावर शंका आली होती.

विल्सन यांना डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हे ब्रिटिश लष्करी पदक मिळाले. स्वातंत्र्यानंतर बेंगॉल भारतीय नौदलात राहिली आणि 1960 मध्ये मोडीत निघाली.