बेल्ट ग्राइंडर (सुरीकामातील)

चाकांवर ताणलेला अखंड अपघर्षक पट्टा वेगाने फिरवून पोलादी पात्याला आकार, उतार व धार देणारे यंत्र. बेंच ग्राइंडरचे दगडी चाक झिजते तसा त्याचा व्यास घटतो आणि त्यावर काढलेला उतार (धारेकडे निमुळती होणारी बाजू) पोकळच, म्हणजे आत खोलगट, येतो. पट्ट्यामागे मात्र सपाट पोलादी पाट, म्हणजे प्लेटन, ठेवता येतो. त्यामुळे सपाट उतार निघतो आणि कण बोथट झाले की नुसता पट्टा बदलून भागते.

मराठीत धारेच्या दगडाला सहाण म्हणतात. हा शब्द बहुधा संस्कृत ‘शाण’वरून आला. हत्यारे पाजळणारा तो शिकलगार. शीख परंपरेत हे नाव गुरूंनी दिल्याचे मानतात. तथापि अरबी ‘सैकल’ (घासून चकाकी आणणे) आणि फार्सी ‘गर’ (करणारा) ही व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते, कारण मूळ अरबी शब्द त्या काळाच्या पुष्कळ आधीचा आहे. पट्ट्याचे तांत्रिक मूळ मात्र सहाणेत नसून पॉलिश पेपरात आहे. अमेरिकेत आयझॅक फिशर यांनी १८३४ मध्ये त्याची पेटंटे घेतली आणि १८९० च्या दशकारंभी एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी सिलिकॉन कार्बाइड हा कृत्रिम अपघर्षक बनवला. नवी मुंबईलगत, उरणजवळच्या मोरा येथे १९४१ च्या सुमारास ग्राइंडिंग चाकांचा कारखाना (पुढे ग्राइंडवेल नॉर्टन) सुरू झाला. भारतातील या उद्योगाचा तो आरंभ मानतात.

सुरीकामात २ × ७२ इंच (सुमारे ५० × १,८३० मिमी.) हे पट्ट्याचे माप रूढ आहे. ते सुरीकारांनी ठरवले असे सांगितले जाते. अमेरिकी कारखान्यांतील धातू घासण्याच्या यंत्रांकडून ते उचलले गेले असणे अधिक संभवनीय. १ × ३० इंचाची छोटी यंत्रे धार लावायला पुरतात, पाते घडवायला नाहीत. पट्टा आखूड असल्याने तोच कण लगेच पुन्हा पात्यावर येतो, तापतो आणि लवकर बोथट होतो.

सांगाडा १० ते १२ मिमी. जाडीच्या पोलादी पाट्यांचा आणि ४० मिमी. चौकोनी पाइपाचा करतात. ठाण्यातील वागळे इस्टेट, नवी मुंबईतील रबाळे व महापे येथील गाळ्यांत लेसर कटिंग आणि लेथकाम करून मिळते. कच्चा माल कळंबोलीच्या लोखंड बाजारात. चाके अ‍ॅल्युमिनियमची व लेथवर एकाच पकडीत फिरवलेली असावीत, नाहीतर थरथर येते. बेअरिंगे दोन्ही बाजूंनी रबरी सीलची घ्यावीत. उघड्यांत कीस शिरतो.

नवशिक्याचा बहुतेक पैसा मोटरच्या ताकदीवर जातो, पण पाते सुधारते ते वेग आवरता आल्याने. २ अश्वशक्तीची (१.५ किवॉ.), चार पोलची, मिनिटाला सुमारे १,४४० फेऱ्यांची, पूर्ण बंद आवरणाची मोटर पुरेशी होते. चालक चाकाच्या (मोटरने फिरणाऱ्या) व्यासाला ३.१४ ने व फेऱ्यांनी गुणले की पट्ट्याचा वेग निघतो. मोटरचा वेग व्हीएफडी ड्राइव्हने, म्हणजे विजेची वारंवारता (हर्ट्झ) बदलून, आवरतात. १५० मिमी. चाकाला ५० हर्ट्झवर पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ मी., २० हर्ट्झवर साडेचार मी. आणि ७५ हर्ट्झवर १७ मी. येतो. रफ कामाला वरचा, पाणी दिलेल्या (तापवून विझवून कडक केलेल्या) पात्याला खालचा वेग वापरावा. कमी वेगात मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो, म्हणून ती हाताने चाचपत राहावी.

वेग बदलणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हच्या जोडणीत सर्वाधिक चुका होतात. या मापाच्या बऱ्याच भारतीय तीन-फेज मोटरी ४१५ व्होल्टसाठी स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगांचे एकेक टोक एकत्र बांधलेले) येतात. त्यांच्या प्रत्येक वाइंडिंगवर ४१५ भागिले √३, म्हणजे सुमारे २४० व्होल्ट पडतात. घरगुती सिंगल फेजवर चालणारा साधा ड्राइव्ह तीन फेज देतो, पण २३० व्होल्टच्याच. म्हणून टर्मिनल पेटीतील धातूच्या पट्ट्या बदलून मोटर डेल्टात (वाइंडिंगे त्रिकोणात जोडलेली) आणावी लागते. स्टारमध्येच ठेवली तर ती मोकळी छान फिरते, पण पाते टेकवताच दम सोडते आणि दोष पट्ट्याला दिला जातो. पेटीत सहाऐवजी तीनच टोके दिसली तर स्टारचा सांधा आत बांधलेला असतो. तो वाइंडिंगवाल्याकडून बाहेर काढून घ्यावा. मोटरच्या पाटीवर ४१५ व्होल्टपुढे डेल्टाची खूण असलेली मोटर या ड्राइव्हला चालत नाही. डेल्टात प्रवाह √३ पट होतो: पाटीवर स्टारचे ३.४ अँपिअर असतील तर ड्राइव्हमध्ये ५.९ भरावे. ड्राइव्हला १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन व पक्के अर्थिंग द्यावे आणि तो बंद पेटीत ठेवावा. पोलादी धूळ वीजवाहक असते, ती सर्किटवर बसली की ड्राइव्ह जळतो.

यंत्र जड टेबलाला बोल्टने आवळून प्लेटनचा मध्य कोपरापेक्षा किंचित खाली येईल असे बसवावे. मग चालक चाक व ट्रॅकिंग चाकाच्या (पट्टा मध्यावर राखणाऱ्या) कडांना सरळपट्टी लावून दोन्ही एका रेषेत आणावीत. ताणलेला पट्टा मोठ्या व्यासाकडे चढतो, म्हणून ट्रॅकिंग चाकाला मध्यभागी अर्धा ते एक मिमी. फुगीर ठेवतात. फुगवटा जास्त झाला तर पट्टा पन्हळीसारखा वळतो आणि उतार सपाट येत नाही. प्लेटन वरखालच्या दोन चाकांपेक्षा २ ते ३ मिमी. पुढे असावा. पट्टा पाठीवरील बाणाच्या दिशेने चढवून आधी हाताने फिरवावा आणि ट्रॅकिंगचा स्क्रू थोडाथोडा फिरवून मध्यावर आणावा. मोटर त्यानंतर, १० हर्ट्झवर. प्लेटनवर पट्टा वरून खाली गेला पाहिजे. उलटा फिरला तर मोटरकडे जाणाऱ्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. टूल रेस्ट (पाते टेकवण्याचा आधार) आणि पट्ट्यात २ मिमी.हून अधिक फट राहिली तर पात्याचे टोक तिथे ओढले जाते.

आकार व पहिला उतार ३६ किंवा ६० नंबरच्या (नंबर लहान तितका कण जाड) सिरॅमिक पट्ट्यावर, पुढे १२०. पाणी देण्यापूर्वी धारेची जाडी सुमारे ०.७ मिमी. राखावी, त्याहून पातळ धार पाणी देताना वाकते वा तडकते. नंतरचे घासकाम हातमोजे न घालता, दर फेरीनंतर बादलीत बुडवून करावे. बोटाला चटका बसतो तेव्हा पोलादाचे पाणी अजून शाबूत असते. धार निळी पडली तर ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचून मऊ झालेले असते आणि तो भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही. वापरलेला पट्टा दाबून चालवणे हे निळेपणाचे नेहमीचे कारण. नव्या पट्ट्याची काटकसर पात्याच्या मुळावर येते.

ठिणग्यांखाली पाण्याची बादली ठेवावी. मुठीच्या लाकडाची भुकटी आणि ठिणग्या एका धूळपेटीत गेल्यास ती तासाभरानेही पेटू शकते. अ‍ॅल्युमिनियमचा कीस लोखंडी किसात मिसळणे त्याहून घातक. डोळ्यांवर चष्मा व तोंडावर निदान एन-९५ मास्क हवा.

ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात पट्ट्याचे कापड ओल धरते, पट्टा वळतो आणि जोडाची चिकटपट्टी सुटते. पट्टे खिळ्यावर न टांगता १५० मिमी. पाइपावर, जमिनीपासून उंच व बंद कपाटात ठेवावेत. घासलेल्या उघड्या पात्याला या दिवसांत रात्रीतून गंज चढतो. दिवसाचे काम थांबवताना पाते व प्लेटन दोन्हींना तेलाचा हात द्यावा.