पोर बापाला विसरलेलं नसतं

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईचा बाप कणकवलीला उतरून घरी येतो. हातात नवी गाडी, नवे कपडे. चार वर्षांचं पोर मात्र आजीच्या लुगड्याआड. "अरे, तुझो बापूस तो, जा मा!" पोर हलत नाही. बापाचा चेहरा पडतो. असे चेहरे मी दरवर्षी पाहतो.

पोर विसरलेलं नसतं. १९५०च्या सुमारास लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी आईवडिलांपासून दुरावलेल्या लहानग्यांचं बारकाईने निरीक्षण केलं. मूल आधी आकांत करतं, मग गप्प होतं आणि शेवटी अलिप्त होतं. ते खेळतं, जेवतं, पण आई आली की तोंड फिरवतं. लोक म्हणत, "रुळलं." खरं तर ती पुन्हा दुखावलं जाऊ नये म्हणून केलेली धडपड असते.

चाकरमानी कोकणाला नवा नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. एवढे पुरुष घराबाहेर. पण सवयीची गोष्ट पोराला सोपी जाते असं नाही. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १११ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यातले बहुतेक अभ्यास चीनमधले होते. आईबाप कामासाठी दूर गेलेल्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त आढळला. लहान मुलं हे दुःख शब्दांत सांगत नाहीत. शाळेच्या वेळेला पोटात दुखतं, अंथरूण ओलं करणं सुटलेलं असतं, ते पुन्हा सुरू होतं. आपण ओवा देतो नाहीतर दृष्ट काढतो.

मला सगळ्यात खुपते ती परतीची पहाट. पोर रडेल म्हणून झोपेतच सोडून निघायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. हेतू मायेचाच. पण उठल्यावर अंथरुणात बाप नाही, म्हणजे झोपलं की माणसं नाहीशी होतात, एवढंच त्याला कळतं. मग ते आजीला गोठ्यातही एकटं जाऊ देत नाही.

त्याला उठवा. रडू द्या, कडेवर घ्या. जातोय म्हणून सांगा, परत कधी येणार तेही सांगा. मूल एकाहून जास्त माणसांशी घट्ट जोडलं जातं, म्हणून आजीची कूस हा खरा आधार आहे. तिच्यादेखत "आता तुला मुंबईला नेतो" अशी खोटी आशा लावू नका. फोन थोडाच वेळ करा, पण ठरल्या वेळी.

आमच्या वाडीतल्या एका घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर शिमग्याच्या तारखेला लाल गोल आहे. पोरगी रोज निजायच्या आधी एक चौकोन खोडते आणि उरलेले आजोबांकडून मोजून घेते.