तुळई नेमकी कुठे ताणली जाते?

संगमरवराचा एक मोठा खांब आडवा करून ठेवला होता, दोन्ही टोकांखाली एकेक ओंडका. स्वतःच्याच वजनाने तो मधोमध मोडू नये म्हणून कुणाला तरी मध्ये तिसरा आधार द्यायची कल्पना सुचली, आणि ती इतरांनाही पटली. काही महिन्यांनी खांब फुटला, तोही बरोबर त्या तिसऱ्या आधारावर. टोकाचा एक ओंडका कुजून खचला होता, मधला मात्र टणकच राहिला होता. त्यामुळे अर्धा खांब अधांतरी राहिला होता.

हा किस्सा गॅलिलिओने १६३८ साली लायडनला छापून आलेल्या ग्रंथात सांगितला आहे. तेव्हा तो नजरकैदेत होता. आकाशाच्या नादात हात पोळून घेतलेला माणूस म्हातारपणी पुन्हा तुळयांचा विचार करत बसला होता, याची मला नेहमी गंमत वाटते.

किस्स्यातली मेख अशी. दोन टोकांवर टेकलेली तुळई खाली वाकते तेव्हा तिचं पोट ताणलं जातं आणि पाठ दाबली जाते. एक टोक मोकळं सुटलं की सगळं उलटतं: आधारापाशी पाठ ताणली जाते. दगड दाब मुकाट्याने सोसतो, पण ताण आला की उकलतो. जुन्या देवळांमधले खांब इतके जवळजवळ असतात ते याचमुळे. कमानीने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. तिच्यात भार दगडाकडून दगडाकडे दाबाच्याच रूपाने उतरतो.

गॅलिलिओने भिंतीत रोवलेला आणि टोकाला वजन टांगलेला वासा घेऊन हिशोब मांडला. वाशाची ताकद रुंदीच्या पटीत वाढते, पण उंचीच्या वर्गाच्या पटीत, हे त्याने बरोबर ओळखलं. ५ बाय २० सेंटिमीटर छेदाची फळी आडवी टाकण्याऐवजी कडेवर उभी ठेवली तर चौपट भार पेलते, ती याच नियमाने. चुकला तो दुसरीकडे. भिंतीपाशी वाशाचा सगळा छेद एकसारखा ताणला जातो आणि खालची कड नुसती बिजागरीसारखी वागते, असं त्याने धरलं. पोटातला दाब हिशोबात आलाच नाही. चौकोनी वाशासाठी त्याच्या सूत्राने ताकद तिप्पट दिसते. अशा आकड्यावर कुणी माळा चढवला तर काय होईल, ते सांगायला नको.

ही चूक पुरती निस्तरायला दोन शतकांना थोडीच कमी वर्षं लागली. रॉबर्ट हुकने १६७६ मध्ये १४ अक्षरांचं एक कोडं छापलं आणि १६७८ मध्ये ते स्वतःच उलगडलं: जेवढं बल, तेवढी लांबीतली वाढ. व्हर्सायच्या राजवाड्याला पाणी नेणाऱ्या नळांच्या कामात असलेल्या मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाकडाच्या आणि काचेच्या कांड्या मोडून पाहिल्या. त्या गॅलिलिओच्या हिशोबापेक्षा बऱ्याच कमी भाराला मोडत होत्या. वरचे तंतू ताणले जातात आणि खालचे दाबले जातात, हे त्याने लिहून ठेवलं. १७१३ मध्ये पारां या फ्रेंच गणितज्ञाने ताण-दाबाचा समतोल नीट मांडला, पण त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलंच नाही. फ्रेंच अभियंता कूलाँने १७७३ मध्ये तो स्वतंत्रपणे पुन्हा मांडला. शेवटी १८२६ मध्ये नाविए या फ्रेंच अभियंत्याच्या व्याख्यानांत ते सूत्र आजच्या रूपात आलं, आणि त्याआधी नाविएही याच मुद्द्यावर चुकला होता! ताण आणि दाब यांच्या मधला, ना ताणलेला ना दाबलेला थर म्हणजे उदासीन अक्ष. आज तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एका तासात शिकवून होतो.

काँक्रीट आल्यावर या प्रश्नाला वेगळंच वजन आलं. काँक्रीटची ताण सोसायची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच असते, म्हणून जिथे ताण तिथे सळई. दोन्हीकडे टेकलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या पोटात असतात, तर भिंतीबाहेर झेपावणाऱ्या छज्ज्यात त्या पाठीला लागतात. मात्र स्लॅब भरताना माणसं याच वरच्या सळ्यांवरून ये-जा करतात. खाली पुरेसे टेकू नसतील तर सळ्या पायाखाली दबत दबत साच्याच्या फळ्यांपाशी जाऊन बसतात आणि वरून काँक्रीट पडतं. नंतर मोजल्या तर सळ्या नकाशाबरहुकूम भरतात, एकही कमी नसते. फक्त पाठीऐवजी पोटात गेलेल्या असतात.