ऑनलाइन थेरपी (चिंताविकारांसाठी)

चिंता, घबराट, पॅनिक अटॅक, लोकांत मिसळायची भीती अशा त्रासांसाठी मानसशास्त्रज्ञाकडे प्रत्यक्ष न जाता व्हिडिओ कॉल, फोन किंवा लेखी मेसेजवरून, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या पद्धतीनं घेतलेले उपचार. मराठीत यासाठी एकच शब्द अजून पक्का झालेला नाही. 'ऑनलाइन समुपदेशन' सगळ्यात जास्त चालतं, पण समुपदेशनात करिअरपासून लग्नापर्यंत सगळंच येतं, आणि 'मानसोपचार' म्हटलं की लोकांना गोळ्या आणि दवाखाना आठवतो, म्हणून बोलताना सगळे सरळ थेरपीच म्हणतात आणि या नोंदीतही तोच शब्द ठेवलाय. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांची मात्र गल्लत करू नये. पहिला मेडिकल डॉक्टर असतो, गोळ्या लिहून देतो. दुसरा गोळ्या देत नाही, बोलण्यातून आणि सरावातून उपचार करतो, गरज वाटली तर पहिल्याकडे पाठवतो.

याची सुरुवात कधी झाली यावर एकमत नाही. काही जण ती थेट मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडपर्यंत नेतात. १९०९ साली फ्रॉइडनं घोड्यांना घाबरणाऱ्या ५ वर्षांच्या 'छोट्या हान्स'ची केस प्रसिद्ध केली, त्यात उपचार मुख्यतः मुलाच्या वडिलांनी केले, फ्रॉइड त्यांना मार्गदर्शन करत राहिला आणि मुलाला त्या काळात त्यानं स्वतः एकदाच तपासलं. चिंता आणि अंतर दोन्ही त्यात आहेत हे खरं, पण ते वडिलांना केलेलं मार्गदर्शन होतं. दुसरा धागा टेलिफोनचा, १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड वाराह या धर्मगुरूनं आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली, तीच पुढे 'समॅरिटन्स' झाली. तिसरा धागा कॉम्प्युटरचा. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबाउमनं थेरपिस्टसारखे प्रश्न विचारणारा 'एलायझा' प्रोग्रॅम मांडला आणि १९७२ मध्ये त्याच्या 'डॉक्टर' आवृत्तीचं स्टॅनफर्डच्या 'पॅरी' या पेशंटसारखं बोलणाऱ्या प्रोग्रॅमशी अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या कॉम्प्युटर जाळ्यावरून, संभाषण घडवलं गेलं. बऱ्याच लेखांत हेच पहिलं ऑनलाइन सेशन म्हणून सांगतात, पण दोन्ही टोकांना यंत्रंच होती, पेशंट नव्हता, त्यामुळे त्याला थेरपी म्हणणं पटत नाही.

जास्त पटणारा पूर्वज अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातला वाटतो. तिथल्या ओमाहा शहरातल्या मनोविकार संस्थेत सेसिल विट्सन आणि सहकाऱ्यांनी १९५९ च्या सुमारास दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या टीव्हीवरून ग्रुप थेरपी करून पाहिली आणि १९६४ च्या आसपास सुमारे १८० किमीवरच्या नॉरफोक इथल्या सरकारी मनोरुग्णालयाशी तशीच लाइन जोडली. आजच्या व्हिडिओ सेशनचा सांगाडा तोच आहे. इंटरनेटवर फी घेऊन वैयक्तिक थेरपी देणारे मानसशास्त्रज्ञ मात्र साधारण १९९५ पासून दिसतात.

पहिल्या सेशनबद्दल लोकांची अपेक्षा आणि प्रत्यक्ष यात बराच फरक असतो. बहुतेकांना वाटतं की लगेच उपाय मिळेल, पण पहिली ४५ ते ६० मिनिटं माहिती घेण्यातच जातात. त्रास कधीपासून, कशानं वाढतो, झोप, चहा-कॉफी, दारू, थायरॉइड तपासलाय का, घरात आणखी कुणाला आहे का, जगणं नकोसं वाटतं का. आता बसलायस तिथला पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा फोन नंबरही विचारतात, तो संशय म्हणून नाही, कॉलवर असताना काही अघटित झालं तर मदत पाठवता यावी म्हणून. अनेक ठिकाणी जीएडी-७ नावाची चिंता मोजणारी प्रश्नावली भरून घेतात. २००६ मध्ये स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. गेल्या २ आठवड्यांबद्दल ७ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २१, आणि ५, १०, १५ हे सौम्य, मध्यम, तीव्र असे टप्पे. हा आकडा म्हणजे निदान नव्हे, दर काही आठवड्यांनी परत भरून उतरण दिसते का बघायला तो जास्त उपयोगी पडतो. आपल्याकडचा माणूस तसंही 'मला एन्झायटी आहे' म्हणून क्वचितच येतो, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो असं सांगतो, आणि ते त्याच्या भाषेत ऐकणारा समोर असला की अर्धं काम सोपं होतं. बेंगळुरूत किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला ऑनलाइनचा खरा फायदा इथेच आहे, फक्त अमेरिकेत मानसशास्त्रज्ञाचं लायसन्स राज्यागणिक असतं, तेव्हा पुण्यातल्या थेरपिस्टला तिकडच्या पेशंटवर उपचार करता येतीलच असं नाही.

चिंतेसाठी सगळ्यात जास्त तपासली गेलेली पद्धत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हीवर काम करणारी थेरपी. तिचा एक मोठा भाग म्हणजे टाळलेल्या गोष्टीला पायरीपायरीनं सामोरं जाणं. समजा एखादीला लोकलमध्ये पॅनिक येतो, तर तिच्यासोबत बसून ० ते १०० अशी भीतीची शिडी बनवतात: प्लॅटफॉर्मवर उभं राहणं ३०, दुपारच्या रिकाम्या लोकलनं एक स्टेशन ५०, सकाळची फास्ट ९०. ही मोजपट्टी मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पेची, १९५८ च्या आपल्या मांडणीत त्यानं भीतीच्या प्रत्येक पायरीला शरीर सैल सोडण्याची जोड दिली होती. पुढे संशोधकांचं मत बदललं. मिशेल क्रास्के वगैरेंच्या मते भीती जागीच उतरली पाहिजे असं नाही, 'मी चक्कर येऊन पडणार' हा अंदाज खोटा ठरल्याचा अनुभव जास्त महत्त्वाचा, आणि हेच मत आता जास्त ग्राह्य वाटतं. पॅनिकमध्ये माणूस शरीरातल्या बदलांनाच घाबरतो म्हणून थेरपिस्ट ते मुद्दाम घडवून आणतो, खुर्चीत गोल फिरायला, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला, जागच्या जागी पळायला लावतो आणि स्वतःही स्क्रीनवर सोबत करतो. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हे करत नाहीत.

ऑनलाइनमुळे इथे दोन गोष्टी बदलतात. एक, भीती जिथे राहते तिथेच उपचार पोचतो, कानात इअरफोन घालून थेरपिस्टला सोबत घेऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाता येतं, गॅस बंद केलाय का म्हणून चारदा बघणारा माणूस त्याच स्वयंपाकघरात सराव करतो. पण मग फोनवरचा थेरपिस्टच आधाराची काठी होऊन बसतो, पाण्याची बाटली किंवा पाकिटातली गोळी जशी होते तशी, म्हणून पुढच्या पायऱ्या एकट्यानं करायला लावतात. दुसरी गोष्ट स्वतःच्या चेहऱ्याची. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं की लोकांना बुजणाऱ्या माणसाचं लक्ष सतत स्वतःकडे लागलेलं असतं, आणि व्हिडिओ कॉलवर तर कोपऱ्यात आपलाच चेहरा दिसत राहतो! त्यामुळे ती खिडकी बंद करायला सांगतात.

परिणामाबद्दल पुरावे चांगले आहेत पण नीट वाचायला हवेत. २०१४ मध्ये अँडरसन, क्यूपर्स वगैरेंनी १३ अभ्यास एकत्र केले तेव्हा इंटरनेटवरची सीबीटी आणि समोरासमोरची सीबीटी यांत जवळजवळ काही फरक दिसला नाही. मात्र ती इंटरनेट सीबीटी म्हणजे धडे वाचायचे, गृहपाठ करायचा आणि थेरपिस्ट मेसेजवर मदत करणार अशी होती, व्हिडिओ कॉल नव्हे, आणि १३ पैकी सगळे अभ्यास चिंतेचेही नव्हते. जाहिरातीत हा फरक गाळला जातो हे वाईट आहे, कारण त्रासात असलेला माणूस त्या भरवशावर पैसे भरतो. सततच्या चिंतेच्या विकारासाठी ब्रिटनची उपचारांच्या शिफारशी ठरवणारी नाइस ही संस्था १२ ते १५ साप्ताहिक सेशन सांगते, म्हणजे तिसऱ्या सेशनला फरक नाही म्हणून सोडून देणं घाईचं होतं. आत्महत्येचा धोका, तीव्र व्यसन, भास होणं, घरातच मारहाण असेल तर नुसत्या ऑनलाइनवर राहू नये.

भारतात २५ मार्च २०२० ला आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं डॉक्टरांसाठी आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्यानं आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारावा, चांगला थेरपिस्ट त्यात अपमान मानत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार पेशंटची माहिती गुप्त ठेवावी लागते, जिवाला धोका असल्यासारखे अपवाद सोडून. तरी वन रूम किचनमध्ये ही गुप्तता कायद्यानं मिळत नाही, लोक गच्चीवर, पार्क केलेल्या गाडीत बसून सेशन करतात, आणि कुणी खोलीत आलं तर वापरायचा एखादा साधा शब्द आधीच ठरवून ठेवतात.

मराठीत विचार-भावनांच्या या पद्धतीची ओळख आधीपासून आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी इथे रुजवली आणि ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्यात काम करते. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी टेली-मानस सेवा १४४१६ वर २४ तास, फुकट आणि मराठीतही मिळते. ती थेरपीच्या पूर्ण कोर्सची जागा घेत नाही, पण पहिल्या अपॉइंटमेंटची तारीख येईपर्यंत रात्री-अपरात्री बोलायला तिथे प्रशिक्षित माणूस असतो.