आवडलेलं पान सावकाश का सरतं?

माझी भाची अकरा वर्षांची. सुट्टीत आमच्याकडे आली की दुपारभर पलंगावर पालथी पडून वाचत असते; पाय हवेत, हाताशी चिवड्याची वाटी. गेल्या मे महिन्यात मी तिच्या पुस्तकापलीकडे उशीला फोन टेकवला, कॅमेरा तिच्या डोळ्यांवर धरला आणि पाच मिनिटं चित्रीकरण केलं. मग तेच संथ गतीत लावून तिला दाखवलं. ती दचकलीच. "मामा, माझे डोळे असे काय उडतायत?"

तिची समजूत अशी, आणि आपल्या सगळ्यांचीच असते, की नजर ओळीवरून अलगद घरंगळत जाते. प्रत्यक्षात वाचणारा डोळा लाल एसटीसारखा चालतो. थांबा, झेप, थांबा, झेप. एका थांब्यावर साधारण पाव सेकंद, आणि मधली झेप जेमतेम २५ ते ३० मिलिसेकंदांची. पॅरिसमधले नेत्रवैद्य एमिल झावाल यांच्या प्रयोगशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही उड्यांची गोष्ट अभ्यासली गेली, तेव्हा फोन नव्हते, कॅमेरेही असे नव्हते. झेप चालू असते तेवढा वेळ मेंदू आपल्या दृष्टीवर पडदा टाकतो, म्हणून मधलं अंधुक चित्र आपल्याला जाणवत नाही. म्हणजे वाचनाच्या एका तासात पाचसहा मिनिटं तरी आपण काहीच पाहत नसतो.

थांब्यावर तरी किती दिसतं? हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या नखाएवढाच भाग स्वच्छ दिसतो, बाकीचं पान धूसर. १९७५ साली अमेरिकेत जॉर्ज मकॉन्की आणि कीथ रेनर यांनी एक खोडसाळ प्रयोग केला. वाचणाऱ्याची नजर जिथे असेल तिथली काही अक्षरं संगणकाने खरी दाखवायची, बाकी सगळीकडे नुसत्या फुल्या. नजर हलली की खिडकीही हलते. खिडकी पुरेशी मोठी ठेवली तर वाचणाऱ्याचं काहीच अडत नसे. उरलेलं पान फुल्यांनी भरलंय याचा त्याला पत्ताही नसे. इंग्रजीत ही खिडकी डावीकडे तीनचार अक्षरं आणि उजवीकडे चौदापंधरा अक्षरं एवढी भरते. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे ती उलटी होते. नजर पुढच्या अक्षरांवर आधीच डोळा ठेवून असते.

पण त्या चित्रीकरणात मला जास्त रस वाटला तो दुसऱ्याच गोष्टीत. पहिली तीन मिनिटं पोरगी सुसाट होती. नंतर तिचा वेग उतरला. ओळ संपवून डोळे परत मागे जायचे, एका जागी रेंगाळायचे. मी विचारलं, "कुठे अडलं होतं का गं?"

"नाही रे. शेवटचं प्रकरण होतं. भरभर वाचलं तर संपेल ना!"

दक्षिण आफ्रिकेतले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर नेल यांनी हीच गोष्ट प्रयोगशाळेत मोजली. पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचणारी माणसं त्यांनी बोलावली, त्यांना हवं ते पुस्तक आणायला सांगितलं आणि मौजेसाठी वाचताना त्यांच्या शरीरात काय घडतं ते नोंदवलं: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, त्वचेतले विद्युत बदल. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे आवडलेली पानं लोक इतर पानांपेक्षा सावकाश वाचत होते. खरं तर पकड घेतलेल्या मजकुरावरून नजर भरधाव जायला हवी. पण जेवताना पुरणपोळीचा शेवटचा घास आपण जसा लांबवतो, तशी ही मंडळी पान लांबवत होती.

दुसरी गोष्ट झोपेपूर्वी वाचणाऱ्यांसाठी. वाचन म्हणजे विश्रांती असं आपण म्हणतो, पण डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसापेक्षा पुस्तकात रमलेल्या माणसाचं शरीर जास्त जागं असतं. पुस्तक मिटलं की ही उत्तेजना झपकन खाली येते. रात्री दोन पानं वाचून दिवा मालवणाऱ्याला जी गोड गुंगी येते, तिचं श्रेय बहुधा या उताराला द्यावं लागेल.

वाचनाच्या आवडीबद्दल लिहिणारे सहसा ज्ञान, संस्कार, कल्पनाशक्ती वगैरेंपासून सुरुवात करतात. मला वाटतं, मूळ गंमत या वेगाच्या लगामात आहे. चित्रपट त्याच्या वेगाने चालतो आणि आपण मागे फरफटतो. व्याख्यानाचंही तसंच. पुस्तक मात्र वाचणाऱ्याच्या वेगाने चालतं, आणि हा वेग बदलायला कुठलं बटण दाबावं लागत नाही; पाव सेकंदाचा थांबा अर्ध्या सेकंदाचा झाला की झालं. आपल्याला कळतसुद्धा नाही. ऐकायच्या पुस्तकांचे (ऑडिओबुकांचे) चाहते इथे भांडायला उठतील, आणि त्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच गोष्टी लोकांना एकदा ऐकवल्या, एकदा वाचायला दिल्या, तर शब्दांचे अर्थ मेंदूत जवळजवळ त्याच नकाशावर उमटले. अर्थ तोच. फक्त ऐकताना लगाम वाचून दाखवणाऱ्याच्या हातात.

शीघ्रवाचनाचे वर्ग याच लगामावर घाला घालतात. 'तासाभरात एक पुस्तक' अशा जाहिराती पाहून तरुणपणी मीही एका वर्गात पैसे भरले होते. बोट ओळीवरून झपझप फिरवायचं, मनात शब्द उच्चारायचा नाही आणि मागे तर अजिबात वळायचं नाही. महिनाभरात मी पानं उलटण्यात तरबेज झालो. काय वाचलं हे कुणी विचारलं की पंचाईत व्हायची.

माणसं शांतपणे वाचताना मिनिटाला सरासरी किती शब्द वाचतात? इंग्रजी वाचनावरचे १९० अभ्यास एकत्र करून मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये आकडा काढला: माहितीपर मजकूर २३८ शब्द, कथा-कादंबरी २६०. मिनिटाला हजार शब्दांची भाषा करणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत. आणि मागे वळण्याबद्दल सांगायचं तर नजरेच्या दर शंभर झेपांतल्या दहापंधरा झेपा मागेच जातात, अगदी सराईत वाचकाच्याही. २०१४ साली सॅन दिएगोतल्या विद्यापीठात एलिझाबेथ शॉटर आणि सहकाऱ्यांनी ही वाट बंद करून पाहिली. नजर शब्दावरून पुढे गेली की तो शब्द फुल्यांनी झाकला जायचा. वाक्यं कळेनाशी झाली. मागे जाण्यात दोष असता तर ती वाट बंद केल्यावर वाचन सुधारायला हवं होतं.

आता जरा आत शिरू. लिपी सुमारे पाच हजार वर्षांची, आणि उत्क्रांतीच्या हिशेबात पाच हजार वर्षं म्हणजे कालची दुपार. वाचनासाठी मेंदूत वेगळी खोली बांधायला निसर्गाला वेळच मिळालेला नाही. मग आपण वाचतो कशाच्या जोरावर?

पहिला धागा एका दुर्दैवी घटनेतून हाती लागला. १८८७ साली पॅरिसमधल्या एका सुशिक्षित, वाचनाची आवड असलेल्या गृहस्थांना एकाएकी वाचता येईना. दृष्टी ठीक, बोलणं ठीक. लिहिताही येई, पण स्वतः लिहिलेलं स्वतःलाच वाचता येत नसे! रोजचं वर्तमानपत्र ते ओळखत, पण त्याच्या एकूण रूपावरून. नाव वाचून नव्हे. अक्षरावरून बोट फिरवलं की मात्र ते त्यांना उमगे. मज्जाविकारतज्ज्ञ ज्यूल देजरीन यांनी त्यांना तपासलं, आणि १८९२ मध्ये मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत डावीकडे मागच्या भागात इजा सापडली. आज स्तानिस्लास देहान आणि लोराँ कोएन या फ्रेंच संशोधकांच्या कामामुळे त्या परिसरातला शब्दरूपं ओळखणारा भाग नेमका ठाऊक आहे. देहान त्याला मेंदूची 'अक्षरपेटी' म्हणतात. ही जागा मूळची वस्तूंचे, चेहऱ्यांचे आकार ओळखण्याच्या मोहल्ल्यातली. वाचायला शिकताना आपण तिथे पोटभाडेकरू म्हणून शिरतो.

हा भाडेकरू मोठ्या वयातही येऊ शकतो, आणि याचा पुरावा देवनागरीतूनच आला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, बहुतेक तिशीतल्या बायका, सहा महिने हिंदी लिहा-वाचायला शिकवलं गेलं. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. सहा महिन्यांत त्या साधारण पहिलीतल्या मुलांइतकं वाचू लागल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बदल केवळ मेंदूच्या वरच्या थरात दिसला नाही. मेंदूच्या देठात आणि थॅलॅमसमध्ये, म्हणजे नजर कुठे वळवायची हे ठरवणाऱ्या फार जुन्या केंद्रांचा आणि वरच्या थरातल्या दृष्टीच्या भागाचा नवा ताळमेळ जुळला होता. वर सांगितलेल्या त्या थांबा-झेपेची यंत्रणाच जणू नव्याने लावली गेली.

देवनागरी डोळ्याला काय काय कसरती करायला लावते ते आपण विसरून गेलोय. 'दिवा' वाचून पाहा. ऱ्हस्व वेलांटी 'द'च्या आधी लिहिलेली, उच्चार मात्र 'द'नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर दाखवलं की अशा शब्दांपाशी वाचणारा किंचित अडखळतो. 'सूर्य'मध्ये तर 'र' आधी उच्चारायचा आणि तो बसलाय पुढच्या 'य'च्या डोक्यावर. पहिलीतलं पोर इथे घाम गाळतं आणि पाचवीत गेल्यावर त्याला यातलं काही आठवतही नाही. अक्षरं दिसली की वाचली जातात, नको म्हटलं तरी. जॉन स्ट्रूप यांनी १९३५ साली दाखवलेली करामत घरी करता येते: 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहा आणि शाईचा रंग कोणता ते विचारा. जीभ अडकते. भेळ खाऊन झाल्यावर तो तेलकट कागद उलगडून अर्धवट बातमी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको.

वाचन एवढं आपोआप होऊ लागलं की मग आतला खेळ सुरू होतो. 'दालचिनी', 'लसूण', 'जाई' असे वासाचे शब्द नुसते वाचले तरी मेंदूतला गंधाचा भाग जागा होतो, हे २००६ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं (शब्द अर्थातच स्पॅनिश होते). सेंट लुईसमध्ये निकोल स्पीअर आणि जेफ्री झॅक्स यांच्या गटाने एका मुलाच्या दिवसाचं वर्णन लोकांना मेंदूच्या चित्रणयंत्रात वाचायला दिलं. गोष्टीतल्या मुलाने दिव्याची दोरी ओढली की वाचणाऱ्याच्या मेंदूतला, हाताने वस्तू पकडण्याशी संबंधित भाग सरसावत होता. हात मात्र जागच्या जागी. ग्लासगोत २०११ साली आढळलं, की 'तो म्हणाला की मी येतो' यापेक्षा '"येतो मी," तो म्हणाला' असं थेट बोलणं मनात वाचताना माणसांचे आवाज ओळखणारा श्रवणाचा भाग अधिक चेततो. संवाद असलेलं पान आपण गप्प बसून वाचतो, पण आत गलका चालू असतो.

इथे एक सावधगिरी. वाचनाचे फायदे सांगणारे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात, त्यातला 'सहा मिनिटं वाचा, ताण ६८ टक्के कमी' हा फार लोकप्रिय. तो मोजक्या लोकांवरचा प्रयोग होता, तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकात तो आलाच नाही. २०१३ साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत छापून आलेला निष्कर्ष, की चांगलं ललित साहित्य थोडंसं वाचलं तरी दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमता लगेच वाढते, तोही पुढे इतरांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा टिकला नाही. आयुष्यभर कथा-कादंबऱ्या वाचणारे अशा चाचण्यांत थोडे पुढे असतात, हे दिसतं; पण वाचून माणूस तसा होतो की तसाच माणूस वाचायला जातो, हे त्यावरून सांगता येत नाही. आणि खरं सांगू? ताण घटावा म्हणून वाचणारा वाचक मी अजून पाहिलेला नाही.

उत्सुकता हे कारण मात्र पहिल्या नजरेला भक्कम वाटतं. पुढे काय होणार! पण मग वाचलेलंच पुन्हा का वाचतो? सॅन दिएगोत जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये लोकांना लघुकथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना त्याच कथा उलट जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या विरुद्ध निकाल आले, त्यामुळे शेवट फोडणाऱ्यांनी लगेच छाती फुगवू नये. पण शेवट ठाऊक असला की धावायची गरज उरत नाही, आणि मग रेंगाळायला मोकळीक मिळते, एवढं तर प्रत्येक पुनर्वाचकाला ठाऊक असतं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात भाचीने तेच पुस्तक पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा. मी फोन घेऊन गेलो तर म्हणाली, "आता नको मामा, आता मी फक्त छान छान पानं वाचतेय." शेवटच्या प्रकरणात तिने चिवड्याच्या पुड्याचा तुकडा खूण म्हणून घातला होता. ती खूण तीन दिवस त्याच पानावर होती.