पार्श्वभूमी : दुखवट्याचे तेरा दिवस आणि हेरवाडचा ठराव

मे २०२२ च्या सुरुवातीला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा, म्हणजे नवरा गेल्यावर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे वगैरे, बंद करण्याचा ठराव केला. १७ मे रोजी राज्याच्या ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तोच कित्ता गिरवावा असे सुचवले. मग गावोगावच्या ठरावांच्या बातम्या आल्या, सत्कार झाले, फोटो छापून आले. हे सगळे कोविडच्या धक्क्यात एकाएकी सुचले, असे आज वाचणाऱ्याला वाटेल. मागे बरेच काही घडून गेले होते. पण कोविड नसता तर हा विषय ग्रामसभेपर्यंत पोहोचला असता का, याची शंकाच आहे.

सुतकाचा हिशेब जुना आहे. मनुस्मृतीने वर्णाप्रमाणे १०, १२, १५ आणि ३० दिवस सांगितले. महाराष्ट्रात बहुतेक घरांनी दहा दिवसच धरले. या दिवसांना कर्मकांड म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण त्यांत माणसांची सोय होती हे मान्य करावे लागते. चूल बंद, म्हणून शेजारपाजारची भाकरी-आमटी येते. रोज कोणी ना कोणी भेटायला येते आणि तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगायला लावते: शेवटी काय बोलले, पाणी कुणी पाजले. तेराव्याला पाहुणे टॉवेल-टोपी करतात, गोड जेवण होते, दुखवटा निघतो. मुलगा कामावर जातो, भाऊ रानात जातो. रडणे थांबत नाही, पण माणसांत परतायची तारीख ठरलेली असते. ही तारीख घरातल्या एकीलाच नसते.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात आणि सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवत नसला की जीव कशात तरी अडकलाय असे समजून कबुल्या सुरू होतात. ‘पोरांची शिक्षणं आम्ही करतो’, ‘वहिनीला काही कमी पडू देणार नाही’. कुणी थोरला हात जोडून हे मोठ्याने बोलतो. तरीही कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. ज्या वहिनीचा शब्द पिंडाला दिला जातो, तिचे कुंकू तोवर पुसलेले असते. कुठे प्रेत उचलण्याआधी, कुठे याच दहाव्याला; बांगड्या दगडावर फोडल्या जातात, मंगळसूत्र तोडले जाते, जोडवी काढली जातात. हे करायला पुढे येतात त्या बहुधा घरातल्या किंवा भावकीतल्या वयस्क, स्वतः विधवा असलेल्या बायका.

एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांचे लक्ष वेगळीकडे होते. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. त्याच कायद्याने पुन्हा लग्न करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला, हे मात्र शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केस काढायचे नाहीत असे ठरवले. पण केशवपन ही मुख्यतः वरच्या जातींची गोष्ट. ज्या समाजांत पाट लावण्याची, म्होतुराची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची रीत आधीपासून होती, तिथे या चळवळींचा थेट संबंध थोडाच आला. कोल्हापूर संस्थानाने १९१७ मध्ये पुनर्विवाहाला कायद्याचे बळ दिले. केस आणि पुनर्विवाह यांवर शंभर वर्षे वाद झाला. कुंकू आणि बांगड्या मात्र किरकोळ म्हणून, किंवा घरातल्या बायकांचा मामला म्हणून, तशाच राहिल्या.

मग कोविड आला. राज्यात नोंदलेले मृत्यूच सुमारे १ लाख ४८ हजार. प्रेत गुंडाळलेले, तोंड बघायला मिळालेले नाही, स्मशानात मोजकी माणसे, दहावा कुठे व्हिडिओ कॉलवर तर कुठे पुढे ढकललेला. भेटायला येणारेच बंद झाले, म्हणजे सुतकातली जी सोय होती तीच गेली. उरले ते बांगड्या फोडणे. एरवी आक्रोशात, गर्दीत उरकून जाणारा हा प्रकार रिकाम्या घरात, तिशी-पस्तिशीच्या बायकांवर होताना दिसू लागला. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या एका कार्यकर्त्याने सहकाऱ्याच्या अंत्यविधीला हे पाहिले आणि आपल्या मागे आपल्या पत्नीवर असली सक्ती करू नये असे कागदोपत्री लिहून ठेवले. ठरावाची कल्पना तिथून फिरत हेरवाडला पोचली. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला ६ मे २०२२ रोजी शंभर वर्षे पूर्ण होत होती, तेही जिल्ह्यात निमित्त ठरले.

आता वादाचा भाग. ग्रामसभेच्या ठरावाला दंड नाही, शिक्षा नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत या प्रथा येत नाहीत. म्हणजे उद्या गावात कुणी बांगड्या फोडल्या तर सरपंचाने करायचे काय? एका बाजूचे म्हणणे, कायदाच करा, नाहीतर हे सत्कारापुरते राहील. दुसरी बाजू विचारते, प्रेत दारात असताना पोलिस बोलावणार का, आणि कुणावर गुन्हा नोंदवणार? सत्तर वर्षांच्या सासूवर, जिच्याही बांगड्या अशाच कधीतरी फुटल्या? दोन्ही प्रश्न खरे आहेत. ठरावाची ताकद दंडात नसून निमित्तात आहे, असे माझे मत. ज्या सुनेला नको आहे, ज्या दिराला मनातून पटत नाही, त्यांना भावकीसमोर म्हणायला एक वाक्य मिळते : ‘गावानं ठरवलंय.’ त्या घडीला घरातले कुणी वाद घालायच्या मनःस्थितीत नसते, त्यामुळे हे आयते वाक्य बरेच काही करून जाऊ शकते.

आणखी एक आक्षेप बायकांकडूनच आला, आणि तो पुरोगामी मंडळींना अडचणीचा वाटला. काहीजणी म्हणाल्या, मंगळसूत्र मी स्वतः काढले, मला ते गळ्यात ठेववत नव्हते. त्यात कुणाची सक्ती नव्हती. दुःख दाखवण्याचा तिचा मार्गही बंदीत धरायचा का? ठरावाचा रोख सक्तीवर आहे, हे याचे उत्तर. पण बातम्यांत ‘विधवा प्रथेला बंदी’ एवढेच राहिले, आणि काही ठिकाणी तर कार्यक्रमात व्यासपीठावर बोलावून, सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर विधवांना कुंकू लावले गेले. नवरा जाऊन वर्षही न झालेल्या बाईला तिथे नाही म्हणता येत असेल का, हे कुणी विचारले नाही.

एप्रिल २०२३ मध्ये सरकारी पातळीवर विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याची सूचना पुढे आली. पत्रिकेवरचे गं. भा. सगळ्यांच्या ओळखीचे, तेच सन्मान म्हणून परत आणल्याबद्दल टीका झाली आणि ही केवळ चर्चेसाठीची सूचना होती असा खुलासा करावा लागला.

या सगळ्या गदारोळात जमिनीचा विषय मागे पडला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस आहे. प्रत्यक्षात तेरावा होतो न होतो तोच तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो. सात-बाऱ्यावर तिचे नाव लागलेच, तर काही महिन्यांत हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो आणि सही कुठे करायची ते दाखवले जाते. ज्या थोरल्याने घाटावर हात जोडून कबुली दिली, कागद बहुतेक वेळा तोच घेऊन येतो. हेरवाडच्या ठरावाचा भर कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी आणि समारंभांतला सहभाग यांवर आहे. सुतकाच्या काळात आणि त्यानंतर काही महिने विधवेकडून हक्कसोडपत्र घेऊ नये, असा ठराव कुणी ग्रामसभेत आणला, तर हात किती वर होतील ते बघण्यासारखे असेल.