घरच्या फ्लाइट सिम्युलेटरची स्टॉपवॉच लावून परीक्षा

घरगुती फ्लाइट सिम्युलेटरांची तुलना बहुतेक वेळा ढगांपासून सुरू होते आणि ढगांपाशीच संपते. वांद्रे-वरळी सागरी सेतू किती हुबेहूब दिसतो, पावसाचे थेंब काचेवरून कसे ओघळतात, यावर पानेच्या पाने लिहिली जातात. डोळ्यांना सुख मिळते, त्यात गैर काही नाही. पण त्या ढगातून विमान कसे जाईल याचे गणित प्रोग्रॅमचा वेगळाच भाग करत असतो, आणि चित्र देखणे असूनही ते गणित कच्चे असू शकते. उलटही घडते. फ्लाइटगिअर हा फुकट मिळणारा सिम्युलेटर दिसायला साधा आहे. मात्र त्यात वापरले जाणारे जेएसबीसिम हे उड्डाणगणित इतके भक्कम आहे, की नासाने २०१५ साली अशा प्रणालींची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहिली तेव्हा त्यात जेएसबीसिमही होते.

हे गणित घरी तपासता येते. त्यासाठी हवे विमानाचे हँडबुक, एक घड्याळ आणि तासभर वेळ.

विमान घ्यावे सेसना १७२. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर या तिन्हींत ते मिळते आणि त्याचे खरे आकडे सहज सापडतात. इथेच पहिली चूक होते. पहिल्या दोघांत ‘१७२ एस’ आहे: १८० अश्वशक्ती, कमाल वजन २,५५० पौंड म्हणजे १,१५७ किलो. फ्लाइटगिअरमधले जुने ‘१७२ पी’ आहे: १६० अश्वशक्ती, २,४०० पौंड. एकाचे हँडबुक दुसऱ्याला लावले, तर निर्दोष सिम्युलेटरही नापास होईल.

चाचणीआधी हवामान हाताने ठरवावे: वारा शून्य, समुद्रसपाटीला तापमान १५ अंश, दाब १,०१३ हेक्टोपास्कल. इंधन आणि प्रवासी मिळून वजन कमाल मर्यादेपर्यंत न्यावे. मदतीच्या सगळ्या सोयी बंद कराव्यात, विशेषतः आपोआप रडर (शेपटीवरची, पेडलांनी हलणारी आणि नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी फळी) आणि आपोआप मिक्श्चर (इंजिनात जाणाऱ्या इंधन-हवेचे प्रमाण). आपोआप रडर चालू राहिला तर प्रोपेलरमुळे विमान डावीकडे ओढले जाणे स्क्रीनवरून गायबच होते, आणि मग टेकऑफच्या वेळी उजवे पेडल दाबावे लागते हे वर्षभर सिम्युलेटर उडवूनही कळत नाही. सुरुवात जुहूच्या धावपट्टीवरून करावी. ती समुद्रसपाटीला जवळजवळ लागूनच आहे, त्यामुळे हँडबुकातले समुद्रसपाटीचे आकडे थेट वापरता येतात.

पहिली चाचणी घसरणीची, म्हणजे इंजिनाविना तरंगत उतरण्याची. ४,००० फुटांवर मिक्श्चरचा दांडा पूर्ण बाहेर ओढून इंजिन बंद करावे, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे, खाली वळणारे भाग) वर ठेवावेत, वेग ६८ नॉटवर, म्हणजे तासाला ६८ सागरी मैलांवर आणून (‘पी’साठी ६५) ट्रिम लावावा, म्हणजे हात सोडला तरी वेग तोच राहतो. प्रोपेलर वाऱ्याने फिरत राहील, तसेच राहू द्यावे, कारण हँडबुकातला आकडाही त्याच स्थितीचा आहे. उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या काट्याकडे पाहू नये, तो काही सेकंद मागे असतो. उंचीमापक ३,००० दाखवेल तेव्हा घड्याळ सुरू करावे आणि २,००० ला थांबवावे. खरे १७२ दर हजार फुटांमागे सुमारे दीड सागरी मैल जाते, म्हणजे साधारण ९ फूट पुढे गेल्यावर १ फूट खाली. त्या हिशेबाने ७० ते ८५ सेकंद लागायला हवेत. शंभराच्या वर गेले तर हवेचा विरोध कमी धरला आहे, आणि हेच विमान उतरताना धावपट्टीवर लांबच लांब तरंगत राहील. पंचावन्नच्या आत आले तर विरोध जास्त धरला आहे.

यात एक खोच आहे. कॉम्प्युटरची दमछाक झाली आणि फ्रेम, म्हणजे स्क्रीनवर बदलणारी चित्रे, सेकंदाला सुमारे वीसच्या खाली गेल्या, की एक्स-प्लेन आतला काळच मंद करतो. तसे करण्याला कारण आहे. उड्डाणाचे गणित छोट्या छोट्या टप्प्यांनी पुढे सरकते, टप्पे फार मोठे झाले की बेरजेतली चूक फुगत जाते आणि विमान थरथरायला लागते. काळ मंद केल्याने विमान वाचते, पण मनगटावरचे घड्याळ खोटे ठरते. खऱ्या ७५ सेकंदांच्या जागी शंभर भरतात आणि दोष बिचाऱ्या पंखाच्या माथी येतो. म्हणून वेळ कॉकपिटमधल्या घड्याळावरच मोजावी. जेएसबीसिम हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवते: त्याचे गणित नेहमी सेकंदाला १२० वेळा होते, चित्र किती वेळा बदलते याच्याशी त्याचा संबंध नसतो.

ज्या चाचणीवर लोक उगाच वेळ घालवतात ती प्रमाणित वळणाची. ९० नॉटला विमान सुमारे १४ अंश कलवले की पूर्ण वर्तुळाला दोन मिनिटे लागतात. हे कुठलाही सिम्युलेटर करून दाखवतो, कारण त्यात वेग, कलण्याचा कोन आणि गुरुत्वाकर्षण एवढेच येते. पंख कागदाचा असला तरी उत्तर तेच.

खरी कसोटी स्टॉलची, म्हणजे वेग फार कमी होऊन पंखाचा उचलणारा जोर कोसळतो त्या क्षणाची. ‘१७२ एस’चा फ्लॅप वर असतानाचा स्टॉल सरळ उड्डाणात ४८ नॉटला होतो. ४५ अंश कलून उंची राखत वळताना पंखावरचा भार १.४ पट होतो. स्टॉलचा वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो, म्हणून तो ५७ ला यायला हवा. हा आकडा जुळला तरी पुढे काय होते ते पाहावे. रडरने तिरकेपणा दाखवणारी मधली गोळी एका बाजूला सरकवून, म्हणजे विमान किंचित तिरके ठेवून स्टॉल केला, तर एक पंख आधी खचला पाहिजे. नाक अलगद, दोन्ही बाजूंनी सारखेच खाली गेले, तर त्या सिम्युलेटरला दोन पंख आहेत हेच ठाऊक नाही.

ते कसे? सिम्युलेटर बांधायच्या दोन घराण्यांत त्याचे उत्तर आहे. जुन्या घराण्यात अख्खे विमान एकच वस्तू मानतात. अमुक कोनाला इतकी लिफ्ट (उचलणारा जोर), तमुक कोनाला इतका विरोध, असे तक्ते भरून ठेवतात आणि उड्डाणात त्यातून आकडे उचलतात. मायक्रोसॉफ्टची जुनी मालिका याच वाटेची. ऑस्टिन मेयर यांच्या एक्स-प्लेनने दुसरी वाट धरली: पंखाचे, शेपटीचे, प्रोपेलरच्या पात्यांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला किती वेगाची आणि कोणत्या कोनातली हवा लागते ते काढायचे आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करायची. विमान तिरके झाले की डाव्या-उजव्या तुकड्यांना वेगळी हवा मिळते, त्यामुळे एक पंख आपसूक आधी खचतो, वेगळी सोय करावी लागत नाही. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरनेही विमानाच्या पृष्ठभागाचे हजाराहून जास्त भाग पाडून हीच दिशा पकडली.

तरीही तक्तेवाल्यांना कमी लेखू नये. तक्ता खऱ्या चाचणी-उड्डाणांतून भरला असेल, तर रोजच्या उड्डाणात तो तुकडेवाल्यांपेक्षा अचूक ठरतो. तुकड्यांच्या बेरजेत धड आणि पंख एकमेकांची हवा कशी बिघडवतात हे नीट येत नाही, तिथे ठोकताळेच लावावे लागतात. तक्ता फसतो तो मोजमापांच्या पलीकडे गेल्यावर: खोल स्टॉल, स्पिन (गिरक्या घेत खाली कोसळणे), मोठी तिरकी घसरण. शेवटची करून पाहणे सोपे आहे. इंजिन मंद, वेग ७० नॉट, रडर पूर्ण एका बाजूला आणि एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या, विमान कलवणाऱ्या फळ्या) उलट्या बाजूला. धड वाऱ्याला आडवे येते, म्हणून विमान नेहमीपेक्षा स्पष्टपणे जास्त वेगाने खाली यायला हवे. कमकुवत विमान-फाइलमध्ये काही फरकच पडत नाही. ‘फाइल’ म्हणायचे कारण असे, की एकाच सिम्युलेटरमध्ये एक विमान उत्कृष्ट आणि शेजारचे टाकाऊ असू शकते. ‘कोणता सिम्युलेटर खरा’ या प्रश्नाला ‘त्यातले कोणते विमान’ हा उपप्रश्न जोडल्याशिवाय अर्थ नाही.

हवेच्या घनतेची परीक्षा पुण्यात घ्यावी. लोहगावची उंची १,९४२ फूट. तापमान ४० अंश केले की हवा प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ होते, आणि विमानाला आपण पाच हजार फुटांहून उंच आहोत असे वाटते. जुहूला टेकऑफची धाव ९६० फूट भरली असेल, तर इथे ती १,३०० च्या पुढे जायला हवी. धाव सारखीच भरली तर बहुधा हाताने ठरवलेले तापमान लागूच झालेले नाही. कॉकपिटमधला तापमापक आधी पाहावा.

आता यंत्राची बाजू. खऱ्या १७२ मध्ये योकवर, म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या सुकाणूवर जाणवणारा जोर हवेतून येतो, वेग वाढला की तोही वाढतो. वैमानिक योक आहे त्या जागी धरून ट्रिमचे चाक फिरवत जोर नाहीसा करतो. घरच्या योकमध्ये स्प्रिंग असते आणि तिचा मध्य ठरलेला असतो. त्यामुळे ट्रिम लावताना योक हळूहळू मध्यावर परत न्यावा लागतो, आणि त्या गडबडीत विमान वरखाली डोलते. कितीतरी लोक हा दोष सिम्युलेटरला देतात. तो स्प्रिंगचा असतो.

स्प्रिंगचा परिणाम फ्युगॉइड चाचणीतही दिसतो. ९० नॉटला ट्रिम लावून योक ओढावा, वेग ८० झाला की सोडून द्यावा. विमान लाटेसारखे वरखाली जाईल आणि प्रत्येक लाट आधीपेक्षा लहान होत जाईल. या डोलण्याला हे नाव देणाऱ्या फ्रेडरिक लँचेस्टर यांचे सूत्र सोपे आहे: मीटर-सेकंदातला वेग गुणिले ०.४५. उत्तर येते २१ सेकंद, खऱ्या विमानात थोडे जास्त. घरी हात सोडला तरी स्प्रिंग एलिव्हेटरला (शेपटीच्या, नाक वर-खाली करणाऱ्या भागाला) जागेवर धरून ठेवते, खऱ्या विमानात तो हवेबरोबर हलतो, म्हणून थोडा फरक चालवून घ्यावा. लाटा वाढत गेल्या किंवा एकाच झोक्यात विरल्या, तर मात्र गणितात खोट आहे. सेटिंगमध्ये योकचा प्रतिसाद सरळ रेषेत आणि मधला निष्क्रिय पट्टा दोन-तीन टक्के एवढाच ठेवून मगच हे सारे मोजावे.

खुर्चीतून पाठीला बसणारा दाब, डोळ्यांच्या कडेने वर येणारी जमीन, या गोष्टी टेबलावर येत नाहीत. म्हणून घरी शिकलेले लँडिंग विमानात फारसे उपयोगी पडत नाही. उपकरणांवरून उडण्याचे तसे नाही. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा एफएए मान्यताप्राप्त साध्या प्रशिक्षण-उपकरणावरचे १० तास आणि प्रगत उपकरणावरचे २० तास इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, म्हणजे केवळ उपकरणांवरून उडण्याच्या परवान्यासाठी धरते. दुकानातून आणलेल्या प्रतीला ही मान्यता नसते, त्यासाठी प्रोग्रॅम आणि हार्डवेअर यांचा संच एकत्र मंजूर व्हावा लागतो. पण तसा संच ज्यावर चालतो, त्या प्रोग्रॅमांत एक्स-प्लेनही आहे. आणि त्या तासांत वैमानिक ढगातच असतो, खिडकीत पांढऱ्या रंगाशिवाय काही नसते.